डावी खालची अक्कलदाढ काढली, त्याला सात महिने झाले

दाढ काढली नोव्हेंबरात आणि लिहितोय जूनमध्ये. मुद्दाम थांबलो. तिसऱ्या दिवशी लिहायला बसलो असतो तर डॉक्टरांना शिव्या घातल्या असत्या, टाके निघाल्यावर लिहिलं असतं तर आरती ओवाळली असती.

मी फैजपूरचा, वय ३२, केळीच्या गाड्या भरून देण्याचं काम. डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ अर्धी वर आली आणि अर्धी हिरडीखालीच अडकली. वर्षभरात तीनदा हिरडी सुजली. एकदा तर थुंकी गिळायची म्हटली तरी डोळ्यांत पाणी. दर वेळी मेडिकलवरून पाच दिवसांच्या गोळ्या आणायच्या, आराम पडायचा, दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा पहिले पाढे. अशा दाढेवर हिरडीची एक झडप राहते, तिच्याखाली अन्न जाऊन सडतं. गोळीने सूज उतरते, झडप तिथेच. हे मला कुणी सांगितलंच नाही, कारण मी मेडिकलवाल्याशिवाय कुणाला विचारलंच नव्हतं.

शेवटी जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. नाव लिहीत नाही. तोंडात धरायचा छोटा एक्स-रे काढला, त्यात दाढेचं डोकं दिसलं, मुळं काही पुरती दिसली नाहीत. तरी पकड लावली. दीड तास खुर्चीत होतो. दाढेचा वरचा कोपरा तुटून हातात आला, बाकीची होती तिथेच. मग म्हणाले, "मुळं अवघड आहेत, जळगावला सर्जनकडे जा." हेच वाक्य दीड तास आधी बोलले असते तर माझी तक्रार नव्हती. आपल्याला जमणार नाही हे ओळखून पुढे पाठवणारा डॉक्टर मी चांगलाच मानतो. पैसे मात्र पुरते घेतले.

जळगावच्या सर्जनकडे पहिल्या दिवशी दोन तास बसून राहिलो. अपॉइंटमेंटची वेळ हा तिथे नुसता एक अंदाज असतो, पुढेही तसंच होत राहिलं. पण आत गेल्यावर त्यांनी आधी तोंड पाहिलं नाही, ओपीजी काढून आणायला लावला. दोन्ही जबडे एकाच फोटोत येतात तो मोठा एक्स-रे. तो दिव्यावर लावून पेनाने दाखवलं. दाढ सरळ उभी नव्हती, पुढच्या दाढेवर डोकं टेकवून तिरपी झोपलेली. तिच्या मुळांच्या टोकाशी जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यात नस. मूळ त्या नळीवरून जिथे जात होतं तिथे ते काळपट दिसत होतं. "हा रंग मला आवडत नाही," असं म्हणाले आणि त्या एका भागाचं थ्रीडी स्कॅन करायला पाठवलं. मला तेव्हा वाटलं, घ्या, आणखी एक बिल.

स्कॅन पाहून त्यांनी जे सांगितलं त्याच्यासाठी हा सगळा लेख. "ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला फक्त स्पर्श कळवते. ओठ हलवते ती वेगळी. त्यामुळे तोंड वाकडं होणार नाही. पण दाढ काढताना हिला धक्का लागला तर डावा ओठ काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहू शकतो. क्वचित कायमचाही. चालणार असेल तर काढू. नाहीतर दाढेचं फक्त डोकं कापून मुळं आत ठेवायचाही एक मार्ग आहे, पण तुमची मुळं आधीच्या ओढाताणीत हललेली आहेत, म्हणून तो मी सुचवणार नाही." बरोबर आई होती. तिने तिची शंका काढली, दाढ काढली की डोळ्याची नस अधू होते म्हणतात. डॉक्टर हसले नाहीत. फोटोवर डोळ्याची जागा दाखवली, दाढ दाखवली, मधलं अंतर दाखवलं. दृष्टीची नस डोळ्यामागून थेट मेंदूत जाते, दाढेशी तिचा संबंध नाही. आईला किती पटलं माहीत नाही, पण परतीच्या गाडीत तिने तो विषय काढला नाही.

ऑपरेशनबद्दल लोक फार विचारतात, सांगण्यासारखं त्यात थोडंच आहे. दोन सुया, मग ओठ जड, जीभ जड. "दाब कळेल, दुखणार नाही. दुखलं तर डावा हात वर करा." मी एकदा केला, त्यांनी लगेच हात थांबवून आणखी औषध टोचलं. हिरडी बाजूला केली, थोडं हाड कोरलं, दाढेचे दोन तुकडे केले. तो आवाज कानाने नाही, कवटीने ऐकू येतो, लाकडं कापायच्या सॉ मिलमध्ये डोकं ठेवल्यासारखा. मग एक खट्ट, आणि डॉक्टर म्हणाले, "आली." पन्नासेक मिनिटं लागली असतील. तीन काळे टाके, वर कापसाची घडी दाताखाली धरून पाऊण तास बसायचं. थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण त्या ओढीने खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून येते आणि तीच तर जखमेचं झाकण.

याचं महत्त्व मेहुण्यांमुळे पटलं होतं. त्यांनी दोन वर्षांपूर्वी दाढ काढून दुसऱ्याच दिवशी विडी पेटवली. चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका. गाठ गेलेली, हाड उघडं. लवंगेच्या वासाची पट्टी खड्ड्यात भरून घ्यायला तीन वेळा खेटे घातले. मी विडी-तंबाखूतला नाही, ही माझी हुशारी नाही, नशीब.

सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त होती. पहिला दिवस बर्फाचा शेक, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, त्याही जोरात नाहीत, तोंडात पाणी घोळवून नुसतं सोडून द्यायचं. गोदामात गेलो तर हमाल म्हणाला, "काय भो, गालात लिंबू ठेवलं का?" तोंड किती उघडतं हे बोटांवर मोजायला सांगितलं होतं. आरशासमोर उभं राहून बोटं आडवी घालायची. सगळं ठीक असताना तीन जातात. पाचव्या दिवशी माझं एकच, तेही कसंबसं. दहाव्या दिवशी दोन. तीन बोटं जायला जवळपास महिना लागला.

खाण्याचं म्हणाल तर कागदावर फक्त "मऊ आहार" लिहिलेलं, तेही इंग्रजीत, झेरॉक्सची झेरॉक्स. आमच्याकडे निम्म्या पेशंटला तो कागद वाचता येणार नाही. आईने तिच्या हिशोबाने केलं: ज्वारीच्या कण्या ताकात, गुरगुट्या भात, दुधात कुस्करलेली पोळी. आणि केळी. रोज गाडीभर केळी डोळ्यांसमोरून जातात, मी वर्षात दहा खात नसेन. त्या पंधरा दिवसांत सगळी कसर भरून निघाली. नेमका भरिताचा हंगाम होता. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, शेतात पार्टी. भरीत मऊ असतं म्हणून मी आशा धरून डॉक्टरांना विचारलं. ते इकडचेच. म्हणाले, "वांगं चालेल हो, त्यातली मिरची तुमच्या टाक्यांना चालणार नाही." मी शेतात गेलो आणि दही-भात खाऊन आलो.

आता बधिरपणा. भूल उतरली, पण ओठाचा डावा कोपरा आणि खालची हनुवटी जागी झालीच नाही. चहा ओठावरून गळायचा आणि मला शर्टावरचा डाग पाहून कळायचं. दाढी करताना कापलं, रक्त आरशात दिसलं, दुखलं काहीच नाही. आठव्या दिवशी टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. कापसाच्या बोळ्याने गालाकडून आत येत आले, जिथे मला कळायचं थांबलं तिथे पेनाने ठिपका. असे आठ-नऊ ठिपके, ते जोडून हनुवटीवर एक वेडंवाकडं वर्तुळ, त्याचा फोटो. मी ते न पुसताच एसटीत चढलो. भुसावळच्या पुलावर तापी बघत होतो आणि कंडक्टर माझ्या हनुवटीकडे.

दर तीन आठवड्यांनी हेच. बी-१२ च्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "यांनी किती फरक पडेल मी ठामपणे सांगू शकत नाही, पण नुकसान नाही." चौथ्या आठवड्यात कडेला मुंग्या यायला लागल्या, मला वाटलं बिघडलं, तर म्हणे ही जागी होण्याची खूण. फोनमधले फोटो शेजारी लावले की वर्तुळ आकसत गेलेलं दिसतं: आधी रुपयाच्या नाण्याहून मोठं, मग सुपारीएवढं, मग नखाएवढं. अकराव्या आठवड्यात डॉक्टरांना ठिपका ठेवायला जागा सापडली नाही. आजही कडाक्याच्या गार पाण्याने तोंड धुतलं तर तो कोपरा क्षणभर वेगळा लागतो, बस.

त्या दहा-अकरा आठवड्यांत एकदाही मला "माझं काय करून ठेवलं" असं वाटलं नाही. आधी कानावर घातलं होतं म्हणूनच. हेच ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऐकलं असतं तर मी दवाखान्यात भांडायला गेलो असतो.

तक्रारी आहेतच. गुळण्यांच्या औषधाने, क्लोरहेक्सिडीनच्या, पुढच्या दातांवर तपकिरी डाग पडले आणि पंधरा दिवस सगळ्या जेवणाला एकच चव. हे कुणी बोललं नाही. डाग नंतर साफ करून घेतले, त्याचे पैसे वेगळे. रात्री फोन केला तर कंपाउंडर उचलतो आणि "सकाळी या" म्हणतो. आणि खड्डा! टाके निघाले की सगळं मिटलं असं मला वाटलं होतं. चार महिने तिथे भाताची शितं, तीळ, भाकरीचा चुरा अडकत राहिला. सुई काढलेल्या सिरिंजने कोमट पाणी मारून तो रोज धुवावा लागतो, हे मी तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागल्यावर विचारलं तेव्हा कळलं. आता जीभ फिरवली तर नुसता खळगा लागतो.

एकूण खर्च ओपीजी, स्कॅन आणि गोळ्या धरून अकरा हजारांच्या आत. आधी वाया गेलेले वेगळे.

फेब्रुवारीत हंगामाची शेवटची पार्टी झाली, तेव्हा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मुद्दाम डाव्या बाजूने चावली. ओपीजीत उजवीकडेही एक दाढ आहे, पण ती सरळ आहे आणि नसेपासून लांब. डॉक्टर म्हणाले, त्रास देत नाही तोवर हात लावायचा नाही, डिसेंबरात एकदा फोटो काढून पाहू. भरिताच्या आधी जायचं की नंतर, ते अजून ठरलेलं नाही.