गर्भातच ओठ शिवता येईल का? : पुण्यातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

विसाव्या आठवड्याच्या ॲनोमली स्कॅनमध्ये (गर्भातील व्यंगे पाहणाऱ्या सोनोग्राफीत) बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूने दुभंगलेला दिसला, तेव्हा आम्ही उभयता आणि माझी आई असे तिघे डेक्कनजवळच्या एका गर्भवैद्यक केंद्रात सल्ल्यासाठी गेलो. बाळ पोटात असतानाच ओठ शिवला तर व्रण राहत नाही, असे माझ्या वाचनात आले होते.

डॉक्टरांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात त्वचेची जखम व्रणाविना भरून येते, हे मेंढीच्या गर्भांवरील प्रयोगांत दिसले आहे, असे त्यांनी आधी मान्य केले. परंतु त्या ओठापर्यंत पोहोचायचे तर गर्भाशय उघडावे लागते किंवा त्यात दुर्बीण घालावी लागते. त्यामुळे गर्भजलाची पिशवी फुटून अकाली प्रसूती होऊ शकते आणि उघड्या शस्त्रक्रियेचा गर्भाशयावरील छेद आईच्या पुढच्या बाळंतपणातही धोक्याचा ठरतो. पाठीचा कणा उघडा राहिलेल्या काही गर्भांसाठी हा धोका पत्करतात, कारण 26 आठवड्यांपूर्वी केलेल्या अशा शस्त्रक्रियेचा लाभ 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसून आला. दुभंगलेला ओठ मात्र जिवावर बेतत नाही आणि जन्मानंतर चांगला दुरुस्त होतो, तेव्हा आईला त्यासाठी टेबलावर घेणे त्यांना पटत नव्हते. महागडा उपचार गळ्यात न मारणारा हा सल्ला मला मोलाचा वाटला.

आईने ग्रहणात विळी वापरल्याचा विषय काढलाच. ओठ जुळण्याचे काम चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकते, आणि ग्रहण तर पाचव्या महिन्यात लागले होते, एवढेच डॉक्टर शांतपणे म्हणाले. त्यानंतर पत्नीच्या चेहऱ्यावरचा ताण प्रथमच सैल झाला.

ओठाची शस्त्रक्रिया जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. टाळूही दुभंगलेली असल्यास ती बहुधा 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान शिवतात. सोनोग्राफीत ती नीट दिसेलच असे नाही, हेही त्यांनी लपवले नाही. बाळाला उभे धरून दूध कसे पाजायचे, हे परिचारिकेने बाहुलीवर दाखवले.

वेळ ठरलेली असूनही दोन तास बसावे लागले आणि तपासणीशुल्क फोनवर सांगितले गेले नाही. त्याहून खटकले ते हे, की एवढे सविस्तर सांगूनही लेखी काही हाती दिले नाही. वेळापत्रक मी स्कॅनच्या पाकिटावरच उतरवून घेतले.