याशिका मॅट १२४ जी : बारा फोटो आणि आत्याच्या मशीनचा सेल

हा कॅमेरा मी दोन वर्षं वापरतेय. कराडात लग्नं, बारशी, डोहाळजेवणं यांचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय. ते सगळं काम डिजिटलवर होतं, याशिका घरच्या माणसांसाठी. 'असा जुना कॅमेरा घेऊ का?' असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

वर-खाली दोन लेन्स. वरचीतून आपण बघायचं, खालचीतून फोटो फिल्मवर उतरतो. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके यांनी १९२९ साली रोलायफ्लेक्स आणला आणि ही घडण जगभर गेली. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या गळ्यातही रोलायफ्लेक्स असायचा. जपानच्या याशिकाने त्याच घडणीचे, पण खिशाला झेपणारे कॅमेरे केले. १२४ जी हा त्यांतला शेवटचा, १९७० पासून १९८६ पर्यंत निघालेला.

हा डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात. वरचं झाकण उघडून खाली काचेत बघायचं. तिथे चित्र सुलटं दिसतं, पण डावं-उजवं उलटं. पहिले तीन-चार रोल मी माणूस डावीकडे सरकला की कॅमेरा भलतीकडेच फिरवत होते. मग हाताला सवय झाली.

आणि याच बघण्यासाठी मला हा कॅमेरा प्रिय आहे. माझी आत्या ८१ वर्षांची. मोबाइल समोर धरला की पदर सारखा करते, ओठ मिटते आणि पुतळ्यासारखी बसते. याशिका घेऊन बसले तेव्हा मी मान खाली घालून काचेत बघत होते, ती आपली शेंगा फोडत प्रीतिसंगमावरच्या जुन्या पुराची गोष्ट सांगत राहिली. शटर लेन्समध्येच असल्याने आवाज म्हणजे जेमतेम 'टिक'. तिला तर तोही ऐकू गेला नाही. त्या रोलच्या बारापैकी सात फोटोंत आत्या बोलतेय. असे तिचे फोटो आमच्याकडे आजवर एकही नव्हते.

निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटरची, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएम फिल्मच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी. ८० एमएमची याशिनॉन लेन्स एफ ८ वर, म्हणजे तिचं छिद्र लहान करून, ठेवली की आत्याच्या हातावरची गोंदणाची हिरवट टिंबंसुद्धा वेगवेगळी मोजता येतात (फोटो कृष्णधवल, हिरवा रंग मला माहीत म्हणून). एफ ३.५ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडलं की, मात्र कडा मऊ पडतात. सूर्य समोर असेल तर लेन्सवर हूड (ऊन अडवणारी कडी) लावाच, नाहीतर सगळं फिकट येतं.

प्रकाश मोजणाऱ्या मीटरचं वेगळं सांगायला हवं. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, ते सेल आता बनत नाहीत. दीड व्होल्टचा साधा सेल घातला तर काटा प्रकाश जास्त दाखवतो आणि फोटो काळपट येतो. मी कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल घालते, १.४ व्होल्टचा. भोवती रबराची चकती लागते. सेल आत्याच्याच डबीतला. त्याच्यावरची चिकटपट्टी एकदा सोलली की तो काही आठवड्यांत उतरतो, म्हणून फोटो काढायच्या दिवशीच सोलायची.

एक मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही. चेहरा जवळून घेताना दोन लेन्स वर-खाली असल्याचा फरक जाणवतो. काचेत डोकं पूर्ण दिसलं तरी फिल्मवर कापलं जातं, म्हणून वर थोडी जागा सोडा.

कॅमेरा विकत घेताना शटरचा एक सेकंदाचा स्पीड लावून कानाजवळ धरून ऐका. माझा मध्येच अडकत होता. विकणाऱ्याने 'वापरलं की सुटेल' म्हटलं, पण सुटला नाही. शेवटी पुण्यात खोलून साफ करून घ्यावा लागला, त्याचे वेगळे पैसे गेले. मागचं दार उघडून फिल्म दाबून धरणारी आतली पट्टी १२ वर आहे ना, तेही बघा. २४ चा आकडा २२० च्या लांब रोलसाठी आहे, आपल्याला मिळतो तो १२० चा.