नागपूरच्या उन्हात ‘सिलेक्शन नंबर वन’: एका वर्षानंतरचा अनुभव

2023च्या जुलैमध्ये आम्ही घरासमोरच्या अंगणात 800 चौरस फूट लॉन लावलं. जात ‘सिलेक्शन नंबर वन’. आता 2024चा जुलै उजाडलाय, म्हणजे पुरतं एक वर्ष झालं. लॉन लावायच्या आधी मी जेवढे अनुभव वाचले, ते सगळे लावल्यानंतर महिना-दीड महिन्यात लिहिलेले होते आणि पावसाळ्यातले होते. एप्रिल-मेमध्ये त्या गवताचं काय झालं, ते कोणीच लिहिलेलं सापडलं नाही. विदर्भात काळ्या मातीवर, बोअरच्या पाण्यावर लॉन करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मुळात हा हट्ट माझा. नऊ वर्षं आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहिलो. भाड्याचं छोटं घर, मागे वीस पावलांचं गवत. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. ऑफिसातून आल्यावर बूट काढून त्या गवतावर बसायचं, मुलगा लोळतोय, दंव पडायला लागलंय, हे माझ्या त्या वर्षांमधलं सगळ्यात सुखाचं चित्र आहे. परत आल्यावर आईच्या घरासमोरचं सिमेंटचं अंगण पाहून जीव कसनुसा झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात ते फोडून घेतलं.

नर्सरीत तीन पर्याय मिळाले. मेक्सिकन गवत दिसायला मखमली, वाढ सावकाश, पण महाग. रुंद पानाचं कार्पेट गवत सावलीत चालतं, पण त्याला पाणी फार लागतं. आणि सिलेक्शन वन. हे म्हणजे आपली हरळीच, बारीक पानाची निवडून वाढवलेली. भर उन्हात हेच टिकतं असं माळ्याने सांगितलं आणि ते खरं ठरलं. माझे मामा काटोलजवळ संत्र्याची बाग करतात. ते म्हणाले, “अगं, आम्ही हरळी काढायला मजूर लावतो अन् तू पैसे देऊन लावतेस?” त्यांना खरोखरच कळेना. पण पुढे वर्षभर या गवताबद्दल कामाचं जे काही कळलं, ते बरंचसं मामांकडूनच. चाळीस वर्षं ते हरळीशी झगडताहेत, तिची खोड त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार!

वरची चार इंच माती काढून पोयटा (गाळाची माती), थोडी वाळू आणि शेणखत घातलं. गवत, माती, मजुरी सगळं धरून 34 हजार रुपये लागले. गवत तीन आठवड्यांत धरलं. ऑगस्टमध्ये ते इतकं सुंदर दिसत होतं की संध्याकाळी फाटकाशी लोक थांबायचे.

मग 23 सप्टेंबर आला. नागपूरकरांना ती रात्र सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. आमच्याकडे घरात पाणी आलं नाही, पण लॉन दोन दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर वर गाळाचा पातळ थर राहिला होता. मला वाटलं, संपलं. पण गाळ खराट्याने हलकेच झाडून घेतला, आठवडाभर त्यावर कोणाला पाय ठेवू दिला नाही आणि दसऱ्याच्या सुमाराला ते पूर्ववत झालं. पाणी तुंबण्याच्या बाबतीत या गवताला माझ्याकडून पूर्ण गुण.

हुमणीच्या, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीच्या बाबतीत मात्र नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ताटाएवढे पिवळे डाग पडले. मी पाणी वाढवलं, डाग वाढले. एके सकाळी साळुंक्या त्याच जागी टोचा मारताना दिसल्या, म्हणून जाऊन गवत धरून ओढलं, तर सतरंजीचं टोक उचलावं तसं ते उचललं गेलं. खाली मूळच नाही. मातीत पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या, एका चौरस फुटात सहा-सात. मामांना फोटो पाठवला. त्यांचा पहिला प्रश्न: “शेणखत कुजलेलं होतं का?” नव्हतं. गाडी उतरवली तेव्हा त्याला वास येत होता आणि मी दुर्लक्ष केलं. अर्धकच्च्या खतातून हे संकट घरात येतं. शिवाय पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर भुंगे जमतात, तेच मातीत अंडी घालतात, आणि आमच्या फाटकाशी जुना कडुनिंब आहे. अळ्या हाताने वेचल्या, मेटारायझियम नावाची उपयोगी बुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून पसरली, डागांवर बाजूचे धुमारे लावले. दोन महिने गेले. तुम्ही लॉन लावणार असाल तर एवढं कराच: खत हातात घेऊन पाहा. ते चहाच्या भुकटीसारखं मोकळं आणि बिनवासाचं असेल तरच उतरवून घ्या.

डिसेंबरमध्ये इथे रात्रीचा पारा खाली आला की हरळी मंदावते, रंग उतरतो. मरत नाही, पण चेहरा पडल्यासारखी दिसते. नेमकं त्याच दिवसांत मला रेडिंगची फार आठवण येत होती. तिकडच्या लॉनमध्ये रायग्रास असतं, त्याचं बी इथेही मिळतं. मी ते हरळीवर फेकलं. दहा दिवसांत कोवळं, चमकदार हिरवं उगवलं. जानेवारीभर सकाळी त्यावर दंव असायचं आणि मी चहाचा कप घेऊन अनवाणी फिरायचे. खोटं कशाला बोलू, ते दीड महिने माझ्यासाठी अमोल होते. पण रायग्रास थंड हवेचं गवत आहे. होळीच्या आसपास ऊन तापलं तसं ते बसायला लागलं आणि महिनाअखेर त्याचं नुसतं तणस झालं. तोवर त्याने खालच्या हरळीचं ऊन, पाणी, खत सगळं खाल्लं होतं. हरळीला मार्चमध्ये जागं व्हायचं असतं आणि तेव्हाच ती त्याच्या सावलीत दबून राहिली. उन्हाळ्यात शिरताना माझं लॉन अशक्त होतं, ते या प्रयोगामुळे. पुन्हा करणार नाही.

आता पाण्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सगळा खेळ पाण्याचा आहे.

सुरुवातीला मी रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं फवारा लावायचे. मार्चमध्ये खुरपीने उकरून पाहिलं, तर ओल बोटाच्या एका पेराइतकीच खोल. पाणी वरच मिळत असेल तर मुळं वरच राहतात आणि ऊन त्यांनाच भाजतं. मग घरातल्या सहा स्टीलच्या वाट्या लॉनवर ठेवल्या, अर्धा तास फवारा चालवला आणि पट्टी घेऊन वाटीतलं पाणी मोजलं. मधल्या वाट्यांमध्ये आठ मिलिमीटर, कडेच्यांत जेमतेम तीन. कडेचं गवत का वाळतंय त्याचं उत्तर त्या वाट्यांनी दिलं. फवाऱ्याच्या जागा बदलल्या आणि वेळापत्रकही बदललं. रोज थोडं नाही, दर तिसऱ्या दिवशी 18 मिलिमीटर, पहाटे साडेचारला. तेही दोन हप्त्यांत, मध्ये अर्धा तास थांबून, कारण काळी माती एकदम पाणी पीत नाही, ते वाहून रस्त्यावर जातं. 800 चौरस फुटांना 18 मिलिमीटर म्हणजे सुमारे साडेतेराशे लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. लॉन लावायच्या आधी हा हिशेब कोणीतरी मला सांगायला हवा होता.

तहान ओळखायची एक साधी खूण सांगते. संध्याकाळी लॉनवरून चालत जा आणि मागे वळून पाहा. पावलांचे ठसे तसेच दबलेले राहिले असतील तर पाणी द्यायची वेळ झाली. गवत लगेच उभं राहिलं तर अजून एक दिवस थांबता येतं.

एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस येत राहिला, म्हणून तो महिना निभावला. याच महिन्यात आणखी एक चूक झाली. आमचे दोन कूलर. दर रविवारी त्यांच्या टाक्या रिकाम्या करायच्या असतात. एवढं पाणी मोरीत कशाला घालवायचं, म्हणून मी ते लॉनच्या एका कोपऱ्यात सोडत गेले. तीन आठवड्यांत तो कोपरा जळला, अगदी टाकीच्या नळीपासून पाणी जिथवर पसरायचं तेवढ्याच आकारात. बोअरचं पाणी आधीच क्षारांचं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, ताट्यांवर पांढरा थर जमतो तो त्याचाच. मी आठवडाभर आटवलेलं खारं पाणी गवताला पाजत होते. तो कोपरा आजही भरलेला नाही.

मे महिन्यात बोअर वीस मिनिटं चालून हवा ओढायला लागली. घरात पिण्यावापरण्याचं पाणी आणि बाहेर लॉन, यात निवड करायची वेळ आली तेव्हा टँकर मागवून गवताला घालणं मला पटेना. आमच्याच गल्लीच्या टोकाला बायका नळाला नंबर लावून उभ्या असतात. मी फवारा बंद केला. आठ दिवसांत लॉन पिवळं, पंधरा दिवसांत गवताचा नुसता पेंढा. माती इतकी आकसली की फरशी आणि लॉन यांच्यामध्ये भेग पडली, तीत माझी तर्जनी मुळापर्यंत जायची. 25 मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. 30 मेला एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले, तो आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला आणि नंतर हवामान खात्याने तो यंत्राचा बिघाड असल्याचं सांगितलं. 56 खोटे होते, पण दुपारी दार उघडलं की तोंडावर जी झळ यायची, ती खरी होती. मी त्या दिवसांत पडदे ओढून बसायचे. बाहेर बघवत नव्हतं.

मामा याच दिवसांत घरी आले होते. त्यांनी चप्पल घालून भर लॉनमध्ये बसकण मारली, खुरपीने वीतभर खोल खणलं आणि हरळीची एक गाठाळ मुळी बाहेर काढली. वरून खाकी, मेलेली. त्यांनी ती मोडली. आत पांढरीशुभ्र, आणि मोडलेल्या टोकावर ओल. “हे बघ. ही निजली आहे. मेली नाही.” दहा-बारा दिवसांतून एकदा मुळापुरतं पाणी दे, बाकी हात लावू नकोस, कापू नकोस, खत देऊ नकोस, एवढंच सांगून ते आंब्याचं पन्हं घेऊन आडवे झाले.

मला एकदम रेडिंगचा 2022चा उन्हाळा आठवला. 19 जुलैला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला 40.3 अंश नोंदले गेले, इंग्लंडच्या नोंदींमधला उच्चांक. आमच्याकडे त्याच्या जरा खालीच. नागपूरच्या मुलीला चाळीसचं काय, असं सगळे म्हणायचे, पण ती घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली. छताला पंखा नाही, रात्रीही भिंती तापलेल्या. ऑगस्टच्या अखेरीस आमच्या भागात पाइपने बागेला पाणी घालायला बंदी आली. अख्ख्या रस्त्यावरची हिरवळ बिस्किटाच्या रंगाची झाली होती. मी वापरलेलं पाणी बादलीने घालत होते, तेव्हा कुंपणापलीकडचे ऐंशी वर्षांचे आजोबा म्हणाले की गवताला राहू दे, त्याला झोपायचं आहे. ऑक्टोबरमध्ये सगळा रस्ता पुन्हा हिरवा झाला होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मेमध्ये आपल्या अंगणात ते आठवायला मामांना यावं लागलं.

जूनच्या पहिल्या सरींनंतर चौथ्या दिवशी पेंढ्यातून हिरव्या सुया वर आल्या. आजच्या घडीला 800पैकी साधारण 600 चौरस फूट भरलंय. कूलरचा कोपरा आणि फरशीच्या कडेचा वीतभर पट्टा गेला. कडुनिंबाखालचा भाग तर कधी धरलाच नव्हता, हरळीला सावली चालत नाही. तिथे आता गवताचा नाद सोडून बंगई, म्हणजे झोपाळा, टांगली आहे.

पुन्हा लावायचं झालं तर याच जातीचं लावीन, पण 300 चौरस फूट. तेवढ्याला कडक उन्हाळ्यातही दर तिसऱ्या दिवशी पाचशे लिटर पुरतात. उन्हाळ्यात गवत दीड इंचाच्या खाली कापणार नाही. मी एप्रिलमध्ये ते पाऊण इंचावर आणलं होतं, त्याने माती उघडी पडली. कापायला मोटर नसलेलं, हाताने ढकलायचं यंत्र एवढ्या जागेला भरपूर झालं, त्याबद्दल तक्रार नाही. लव्हाळा हे तण मात्र दर पावसाळ्यात येणारच. तो खालच्या गाठीसकट खुरपून काढावा लागतो, वरून उपटला तर एकाचे चार होतात.

उत्तरेकडचा चार फुटांचा एक तुकडा मी वर्षभर कापलेला नाही. कापलेल्या लॉनला तीन पात्यांचे नीट तुरे येत नाहीत आणि आईला गणपतीसाठी तेच लागतात. पूर्वी ती दूर्वा बाजारातून आणायची. आता सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनी तिथे जाऊन बसते आणि एकवीस मोजून खुडते. सप्टेंबरमध्ये गणपती आहेत, तोवर तो तुकडा असाच वाढू देणार आहे.