पिल कटर: डिप्रेशनची गोळी हळूहळू कमी करताना वापरलेला, सविस्तर रिव्ह्यू

गोळ्या कापायचा हा छोटा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा का, असं विचारणारे बरेच जण असतात म्हणून लिहितेय. एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी साधी गोळी असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी ती अर्धी किंवा पाव करून घ्यायला सांगितली असेल तर बिनधास्त घ्या, पैसे वसूल. पण कुठली गोळी कापायची नाही आणि डोस कमी केल्यावर अंगात काय काय होतं हे त्याच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि खरी गरज त्याच माहितीची असते, त्यामुळे रिव्ह्यू थोडा लांबणार आहे.

आधी वस्तूबद्दल. कंपनीचं नाव मोठं वगैरे काही नाही, आमच्या कॉलनीतल्या मेडिकलमध्ये काकांनी काउंटरखालून काढून दिला, शे-दीडशेच्या आतलीच वस्तू आहे. पारदर्शक झाकण, झाकणाला आतून स्टीलचं ब्लेड, खाली इंग्रजी व्ही आकाराची खाच आणि एका बाजूला तुकडे ठेवायला छोटा कप्पा. गोळी खाचेत घट्ट बसवायची, गोळीवर रेघ असेल तर ती बरोबर ब्लेडखाली येईल अशी फिरवायची आणि झाकण एका दमात दाबायचं, हळूहळू दाबलं की गोळी सरकते आणि चुरा होतो. अर्धी गोळी छान होते, सुरीने व्हायची त्याच्यापेक्षा कितीतरी सरळ. पाव करताना मात्र कधी एक तुकडा मोठा एक लहान असं होतं. मॅडमना म्हणजे माझ्या सायकियाट्रिस्टना विचारलं तर त्या म्हणाल्या एसिटालोप्रामचं अर्धं आयुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 30 तासांचं असतं, म्हणजे आजचा डोस उद्याही बऱ्यापैकी अंगात असतो, त्यामुळे एवढ्याशा फरकाने बिघडत नाही, फक्त एका गोळीचे तुकडे संपल्याशिवाय दुसरी कापू नका. हे फार कामाचं निघालं कारण अख्खी स्ट्रिप एकदम कापून ठेवायचा मोह होतो आणि पावसाळ्यात कापलेली बाजू ओल धरते.

आता कटर लागतोच कशाला, एक दिवसाआड गोळी घेतली तर चालत नाही का? मलाही आधी हेच वाटत होतं आणि ओळखीतल्या कितीतरी लोकांना असंच करताना बघितलंय. मॅडमनी कागदावर आकृती काढून दाखवली. एक दिवस गोळी, एक दिवस नाही असं केलं की रक्तातलं औषध वर-खाली वर-खाली होत राहतं आणि कमी टिकणाऱ्या औषधांना ते जास्तच जाणवतं. त्यापेक्षा रोज थोडं कमी पण रोज त्याच वेळेला. दुसरी गोष्ट अशी की डोस आणि परिणाम एका सरळ रेषेत चालत नाहीत. एसिटालोप्राम म्हणजे सिटालोप्राम या डिप्रेशनच्याच गोळीतला कामाचा भाग, आणि सिटालोप्रामचे मेंदूच्या स्कॅनवरून काढलेले आकडे असे आहेत की 60 मिलिग्रामला सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर (मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन परत ओढून घेणारे, गोळी त्यांनाच अडवते) साधारण 88 टक्के अडवले जातात, 20 मिलिग्रामला 80 टक्के, आणि साडेपाच मिलिग्रामच्या आसपास आलं तरी अजून 60 टक्के! म्हणजे 60 वरून 20 वर उतरताना मेंदूला जेमतेम आठ टक्क्यांचा फरक आणि शेवटच्या चिमूटभर गोळीवरून शून्यावर येताना 60 टक्क्यांचा. आपण समजतो आता काय, एवढीशीच राहिली, सोडून देऊ, आणि नेमकं तिथेच लोक आपटतात. हॉरोविट्झ आणि टेलर या दोन संशोधकांनी 2019 मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलंय की डोस जितका खाली येईल तितकी पावलं लहान करा.

मला लक्षणं आली. सौम्य नाही आणि भयंकरही नाही, मधली. डोस कमी केला की तीन-चार दिवसांनी सुरू व्हायचं. सगळ्यात विचित्र म्हणजे ते ब्रेन झॅप्स, मान वळवली किंवा नुसते डोळे एका बाजूला फिरवले तरी डोक्यात झर्र करून करंट गेल्यासारखं वाटायचं, ओल्या हाताने स्विचला हात लागावा तसं, दुखत नाही पण क्षणभर जग हलतं. कुणाला सांगायला गेलं तर शब्दच सापडत नाहीत आणि समोरच्याला वाटतं हिला भास होतायत. मग चक्कर, मळमळ, अंगात कणकण असल्यासारखं पण थर्मामीटरला ताप नाही, रात्री इतकी खरी वाटणारी स्वप्नं की सकाळी उठल्यावर कोण काय बोललं ते तपासून बघावं लागायचं. आणि रडू. टीव्हीवर साधी चहाची जाहिरात लागली, आई मुलीला कप देते, झालं, डोळे भरून यायचे. सासूबाई बाजूला बसलेल्या, त्या घाबरल्या, म्हणाल्या "अगं परत सुरू झालं का गं तुझं? गोळ्या बंद नको करूस बाई."

हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे की कटर बाजूला ठेवून त्याबद्दल लिहिते. परत सुरू झालं का, म्हणजे आजार परतला की औषध कमी केल्याचा हा परिणाम आहे? मॅडमनी तीन गोष्टी बघायला सांगितल्या होत्या. कधी सुरू झालं: डोस कमी केल्यावर काही दिवसांतच आलं तर बहुतेक वेळा ते औषधाचं असतं, डिप्रेशन सहसा काही आठवडे-महिने घेत हळूहळू परत येतं. काय काय होतंय: करंट, चक्कर, मळमळ हे माझ्या मूळ आजारात कधीच नव्हतं, तेव्हा तर सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटायचं नाही आणि कशातच जीव रमायचा नाही. आणि मागच्या डोसवर परत गेल्यावर काय होतं: औषधाचा परिणाम असेल तर काही दिवसांत बरं वाटायला लागतं. मी तारीख, डोस, झोप आणि लक्षणं एका वहीत लिहीत होते, त्यावरून स्पष्ट दिसलं की लाट येते, चढते आणि उतरते. ही वही नसती तर घरच्यांच्या काळजीपोटी मीच परत पूर्ण डोसवर गेले असते आणि आयुष्यभर गोळीशिवाय जमणारच नाही अशी समजूत करून घेतली असती. किती जणांनी ती करून घेतली असेल याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पूर्वी डॉक्टरांनाही हेच शिकवलेलं असायचं की एक-दोन आठवडे किरकोळ त्रास होतो आणि थांबतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सने 2019 मध्ये आपली भूमिका बदलली आणि काही लोकांना हा त्रास जास्त आणि जास्त दिवस होऊ शकतो असं मान्य केलं.

पण घाबरवायचं नाहीये. 2024 मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, त्यात औषध थांबवणाऱ्यांपैकी साधारण 31 टक्के लोकांना काही ना काही लक्षण आलं, आणि नुसती साखरेची गोळी थांबवणाऱ्यांतही 17 टक्क्यांना आलं! तीव्र त्रास साधारण 35 मध्ये एकाला. म्हणजे बऱ्याच जणांना काहीच होत नाही, तुम्ही त्यातले असाल तर उत्तमच.

आता कटर कुणी वापरायचा नाही ते सांगते. ज्या गोळीच्या नावापुढे ईआर, एक्सआर, एसआर, सीआर असं काही आहे, म्हणजे जी औषध हळूहळू सोडते, ती कापायची नाही. डेसव्हेन्लाफॅक्सिनची गोळी दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बनवलेली असते, मधून कापली की ते नियंत्रणच मोडतं. बुप्रोपिऑनच्या लांब टिकणाऱ्या गोळीचं तर फारच जपायला हवं, सगळं औषध एकदम सुटलं तर फिट येण्याचा धोका वाढतो. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे पोटातल्या आम्लापासून वाचावेत म्हणून त्यांच्यावर थर दिलेला असतो, ते कुटायचे नाहीत. अशा औषधांवर असाल तर डॉक्टरांना सरळ विचारा की कमी कसं करायचं, कधीकधी ते मधे फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्याच दुसऱ्या औषधावर नेतात कारण ते अंगात बरेच दिवस टिकतं आणि आपोआप सावकाश उतरतं. हा निर्णय त्यांचाच, आपण घरी करायचा नाही.

त्रासाच्या दिवसांत मला काय उपयोगी पडलं तेही सांगते. डोस कमी करण्याची तारीख मॅडमना विचारून मुलीची परीक्षा आणि दिवाळी दोन्ही संपल्यानंतरची ठरवली. चक्करेच्या दिवसांत स्कूटी पूर्ण बंद, रिक्षाने जायचं. मळमळीवर आल्याचा तुकडा मीठ लावून चघळायचा, रिकाम्या पोटी चहा नाही. मान झटकन वळवायची नाही. घरातल्या दोन माणसांना आधीच सांगून ठेवलं होतं की पुढचे काही आठवडे मी चिडेन, रडेन, त्याचा अर्थ लावत बसू नका, फक्त जेवण वेळेवर होतंय का बघा. नवऱ्याने ते इतकं नीट पाळलं की मला अजून कौतुक वाटतं.

आणि रात्री दोन वाजता छातीत धडधड होत असेल आणि डॉक्टरांना फोन करायची वेळ नसेल तर टेलि-मानस, नंबर 14416. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोन सेवा आहे, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी केला होता फोन, पलीकडच्या ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं, श्वासाचा एक साधा व्यायाम फोनवरच करून घेतला, गोळीबद्दल मात्र तुमच्या डॉक्टरांशीच बोला असं स्पष्ट सांगितलं आणि मला ते योग्य वाटलं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर लक्षण आहे का आजार आहे हे ठरवत बसू नका, लगेच फोन करा, घरच्यांना उठवा, डॉक्टरांकडे जा.

कटरचे तोटे. एसिटालोप्रामच्या सगळ्यात छोट्या म्हणजे 5 मिलिग्रामच्या गोळीची पाव केली की सव्वा मिलिग्राम, त्याखाली हा काहीच करू शकत नाही, आणि वर सांगितलं तसं खरी अवघड जागा तिथेच आहे. नेदरलँड्समध्ये टेपरिंग स्ट्रिप्स म्हणून मिळतात, रोजचा थोडा थोडा कमी होत जाणारा डोस छोट्या छोट्या पाकिटांत तयार, असं आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळायला लागलं तर किती जणांचे हाल वाचतील. माझं पाववर बरेच आठवडे थांबून आणि मग मॅडमच्या देखरेखीखाली सोडून जमलं, सगळ्यांचं तसंच जमेल असं नाही. बाकी म्हणजे ब्लेड काही महिन्यांत बोथट होतं आणि ते बदलता येत नाही, नवीनच घ्यावा लागतो. कोटिंगवाली गोळी कापली की आतला भाग कडू लागतो, भरपूर पाण्याबरोबर घ्या. घरात लहान मूल असेल तर ब्लेड आणि कप्प्यातले तुकडे दोन्ही धोक्याचे आहेत, वरच्या कपाटात ठेवा.

पाचपैकी चार स्टार. घेताना दुकानातच झाकण दोन-तीनदा उघडून दाबून बघा, ब्लेड खाचेच्या बरोबर मध्यावर येत नसेल तर दुसरा पीस मागा, आणि आणल्यावर घरातल्या बाकीच्यांच्या बीपीच्या वगैरे गोळ्या त्याच कटरमध्ये कापू नका, आतला चुरा एकमेकांत मिसळतो.