‘ट्रू ग्रिट’: भांडतात रूस्टरवरून, सिनेमा मात्र मॅटीचा

वेस्टर्न सिनेमांच्या दोन शौकिनांना शेजारी बसवा आणि ‘ट्रू ग्रिट’चं नाव काढा. चहा येईपर्यंत जुंपलेली असते. १९६९चा हेन्री हॅथवेचा चांगला की २०१०चा कोएन बंधूंचा? म्हणजे खरं तर, गुन्हेगार पकडणारा एकाक्ष मार्शल रूस्टर कॉगबर्न म्हणून जॉन वेन की जेफ ब्रिजेस? वेनवाले त्याचं ऑस्कर पुढे करतात, आयुष्यातलं एकुलतं एक. ब्रिजेसवाले म्हणतात, वेन सगळीकडे वेनच असतो, हा माणूस निदान आंघोळ न केलेला वाटतो. मग कुणीतरी हमखास काढतं की वेनची पट्टी डाव्या डोळ्यावर होती आणि ब्रिजेसची उजव्या. पुढचा अर्धा तास त्यातच जातो.

मी साताऱ्यात दिवाणी वकिली करते. माझं मत या दोघांपैकी कुणालाच नाही. चार्ल्स पोर्टिसची १९६८ची कादंबरी काय किंवा कोएनचा सिनेमा काय, दोन्ही मॅटी रॉसचे आहेत. वय वर्षं १४, दोन वेण्या, जिभेवर कायदा. बापाला त्याच्याच गड्याने, टॉम चेनीने, फोर्ट स्मिथमध्ये गोळी घातली आणि तो पळाला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात. पोरगी प्रेत ताब्यात घ्यायला येते आणि चेनीला फासावर चढवण्यासाठी मार्शल रूस्टरला भाड्याने घेते. पण त्यासाठी आधी पैसे हवेत, म्हणून ती जाते घोड्यांच्या व्यापाऱ्याकडे.

हा स्टोनहिलचा प्रसंग मी ज्युनियर मुलांना दाखवते. बापाने त्याच्याकडून तट्टं घेतलेली, ती परत घ्या, ही पहिली मागणी. बापाचा स्वारीचा घोडा चेनीने स्टोनहिलच्याच तबेल्यातून पळवला, त्याची भरपाई, ही दुसरी. चेनीने मागे टाकलेल्या करड्या घोड्याचे पैसे, ही तिसरी. एकूण सव्वातीनशे डॉलर. स्टोनहिल म्हणतो, चोरीला मी काय करू? ती शांतपणे म्हणते, घोडा तुमच्या ताब्यात होता. मग तिच्या वकिलाचं, डॅगेटचं नाव निघतं, पुन्हा निघतं, आणि स्टोनहिल झालेल्या डेकिन मॅथ्यूजचा चेहरा प्रत्येक वेळी थोडा अधिक पडतो. शेवटी तो पैसे द्यायला तयार होतो, पण जगाच्या उत्पत्तीपासून आजतागायत आपली कसलीही जबाबदारी नाही, असं वकिलाचं पत्र हातात पडल्यावर. तडजोडीच्या पुरसिशी (कोर्टात द्यायची लेखी निवेदनं) लिहून बोटं झिजलेल्या माणसाला इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आणि पोरगी एवढ्यावर थांबत नाही. त्याच तट्टांमधलं एक पडत्या भावात विकत घेऊन जाते. मॅटी झालेली हेली स्टाइनफेल्ड या सगळ्यात एकदाही आवाज चढवत नाही. हजारो मुलींतून तिला निवडलं होतं. का, ते या एका प्रसंगात कळतं.

कोर्टाचा प्रसंगही तसाच. रूस्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, मागून खिडकीचा उजेड, चेहरा धड दिसत नाही, आणि मॅटी गर्दीतून वाट काढत पुढे सरकते आहे. बचावाचा वकील गाउडी विचारतो, चार वर्षांत किती माणसं मारली? टाळाटाळ करत करत आकडा तेवीसवर येतो. मग खरी उलटतपासणी. म्हातारा व्हार्टन कुऱ्हाड घेऊन अंगावर आला, तुम्ही सात-आठ पावलं मागे सरलात, मग त्याचं प्रेत चुलाणापाशीच कसं, हात विस्तवात कसा? रूस्टरला मग आठवतं की प्रेत हलवलं असावं. आमच्याकडेही पंचनाम्याच्या साक्षीदारांना ऐन वेळी अशाच गोष्टी आठवतात.

सुरुवातीची फाशी मात्र विनोद नाही. तीन जण उभे आहेत. दोघा गोऱ्यांना मनसोक्त बोलू देतात. तिसरा इंडियन. त्याने तोंड उघडलं की डोक्यावर टोपडं ओढलं जातं. झालं, खटका पडतो. फोर्ट स्मिथच्या न्यायाधीश पार्करच्या या कोर्टाच्या फाशीवर १८८९पर्यंत अपीलच नव्हतं, हे माहीत असेल तर ते काही सेकंद जास्तच बोचतात. पुढे रूस्टर दुकानाच्या ओट्यावरच्या दोन इंडियन पोरांना लाथा घालतो, तिथे मात्र माझ्या मुलासकट बरेच जण हसले. मला नाही हसू आलं.

तक्रारी आहेत. ब्रिजेस तोंडात गोटी धरल्यासारखा बोलतो. इंग्रजी सबटायटल लावल्याशिवाय बसू नका. जीभ चावल्यावर मॅट डेमनचा टेक्सास रेंजर ला बीफही त्याच वाटेला जातो. झाडाला उंच टांगलेलं प्रेत आणि अस्वलाचं कातडं पांघरलेला वैदू ही कोएन बंधूंची पदरची भर, कादंबरीत नाही. मला ती जोडकामाची वाटली, पण त्यांच्या चाहत्यांना नेमकं तेच आवडतं. रॉजर डीकिन्सच्या कॅमेऱ्याबद्दल मी पामर काय बोलणार! दहा नामांकनं आणि ऑस्कर शून्य, हा चाहत्यांचा जुना राग. माझा राग वेगळा आहे: जवळजवळ प्रत्येक प्रसंगात असलेल्या मुलीला नामांकन ‘सहायक’ अभिनेत्रीचं!

सगळ्यात जास्त बोटं मोडली जातात ती शेवटावर. (पुढे शेवट सांगते आहे.) १९६९मध्ये मॅटीचा हात वाचतो, ला बीफ मरतो आणि वेन घोड्यावरून कुंपण ओलांडून टोपी हलवत निघून जातो. घरी जाताना प्रेक्षक खूश. कोएननी कादंबरीचं ऐकलं. सर्पदंशाने हात जातो. पंचवीस वर्षांनी करारी, अविवाहित मॅटी रूस्टरला भेटायला मेम्फिसला येते, तर तो तीन दिवसांपूर्वीच गेलेला. लोक म्हणतात, थंड शेवट, मजा घालवली. अहो, ती भेटायला आली होती, ते जमलं नाही, म्हणून प्रेत उचलून नेते आणि स्वतःच्या घरच्या दफनभूमीत पुरते. बापाचं प्रेत ताब्यात घेणारी पोरगी ती हीच. त्याआधी, बाई समोर असूनही खुर्चीतून न उठलेल्या फ्रँक जेम्सला, त्या कुख्यात दरोडेखोराला, एका शब्दात जागा दाखवते. यात थंड काय आहे?

जुन्या सिनेमातही बघण्यासारखं आहे. आर्कान्सा-ओक्लाहोमाच्या नावाखाली कोलोरॅडोचे बर्फाळ डोंगर आहेत, किम डार्बी चौदा वर्षांची वाटत नाही, पण डाकूंचा म्होरक्या नेड पेपर म्हणून रॉबर्ट डुवॉल झकास आहे. आणि पटकथा लिहिली मार्गरीट रॉबर्ट्सने, म्हणजे डाव्या विचारांपायी हॉलिवूडच्या काळ्या यादीत गेलेल्या बाईने. कट्टर कम्युनिस्टविरोधी वेनला तिची पटकथा मनापासून आवडली होती.

२०१०च्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, १९६९च्याला तीन. क्रम विचाराल तर आधी कादंबरी, मग कोएन, आणि वेन एखाद्या रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर.