जुन्या जिप्सीचं वायरिंग: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी २००९ ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), सॉफ्ट टॉप. रत्नागिरीकडून घेतली, आता साताऱ्यात असते. पावसाळ्याच्या तोंडावर घेतली आणि पूर्ण पावसाळा, त्यानंतरचा हिवाळा वापरून मगच लिहायला बसलोय. इंजिन, गिअरबॉक्स, फोर बाय फोर यावर फार लिहीत नाही कारण त्यावर सगळेच लिहितात, १३०० सीसीचं १६ व्हॉल्व्हवालं इंजिन, ८० बीएचपी, गाडी हलकी, पाटे कडक, पाठीचा विचार करून घ्या, एवढं पुरे. मला लिहायचंय ते वायरिंगबद्दल. जुनी ऑफरोड गाडी बघायला गेलं की सगळे खाली झोपून चेसिसचा गंज बघतात, डिफरन्शियलचं ऑइल बघतात, चाकं हलवून बघतात आणि इलेक्ट्रिकलचं काय तर हेडलाइट लागले, हॉर्न वाजला, चला झालं.

आधीच्या मालकाने गाडी मनापासून सजवलेली. नवा रंग, खालून जाडजूड काळं कोटिंग, रोल केज, पुढे एलईडी बार, फॉग, दोन ट्रम्पेट हॉर्न, स्टिरिओ, अ‍ॅम्प्लिफायर. सोबत बिलांची फाइल पण दिली आणि ती वाचली तेव्हाच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली, कारण त्यात नव्या बॅटरीचं बिल, मग काही महिन्यांनी सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटार) रिपेअरचं, मग अल्टरनेटरचं (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो), मग परत बॅटरीचं. म्हणजे आजार एकच होता आणि दर वेळी एकेक अवयव बदलला गेला. कंपनीचं मूळ वायरिंग या गाडीचं अगदी साधं आहे, आजच्या गाड्यांसारखा जिकडेतिकडे कॉम्प्युटर नाही, मल्टीमीटर हातात धरता आला तर घरी बसून निम्मं काम होतं. भानगड असते ती नंतर लागलेल्या हातांची.

पहिला त्रास सेल्फचा. सकाळी चावी फिरवली की नुसता टिक्, दुसऱ्यांदा टिक्, मग तिसऱ्या-चौथ्या वेळेला घुर्र करून चालू. बॅटरीवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज. (बंद गाडीत १२.६ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी आणि १२ च्या खाली गेली तर ती बॅटरी उपाशी आहे असं समजा.) चालू गाडीत १४.१, म्हणजे अल्टरनेटर पण शहाणा. मग राहिल्या त्या वायरी. इथे एक टेस्ट आहे जी बहुतेक गॅरेजवाले करतच नाहीत: मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशावर, टर्मिनलच्या पट्टीवर नाही, थेट शिशावर, आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. आकडा ०.२ व्होल्टच्या आत यायला पाहिजे. माझ्या गाडीत १.९ आला! म्हणजे बॅटरीने दिलेल्या करंटला परत यायला वाटच नव्हती, जवळजवळ दोन व्होल्ट त्या अर्थच्या वायरीतच (बॅटरीचा मायनस इंजिन-बॉडीला जोडणारी वायर) खर्च होत होते आणि सेल्फच्या वाट्याला उरलंसुरलं.

अर्थचा बोल्ट खोलला तेव्हा सगळा उलगडा झाला. थिंबलच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली नवाकोरा काळा रंग, अगदी गुळगुळीत, आणि रंगाखाली गंज. रिस्टोरेशन करताना सगळं रंगवून, कोटिंग मारून मग त्यावर अर्थची पट्टी कसली होती, म्हणजे करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढा. वायरीचं वरचं कव्हर बोटभर सोललं तर आत तांब्याचा रंगच नाही, काळी पडलेली तार आणि थिंबलजवळ हिरवी पूड. समुद्राकाठची गाडी, खारी हवा तारेत आतपर्यंत शिरते, बाहेरून वायर टकाटक दिसते. इंजिन आणि चेसिसमधली पट्टी तर अर्धी तुटलेली. अशा वेळी करंट दुसरी वाट शोधतो, ती वाट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारताना केबलच्या बाहेरच्या कव्हरवर बोट ठेवलं तर चक्क कोमट लागत होती. ही केबल जड व्हायला लागली, अडकायला लागली म्हणून लोक ऑइल सोडतात, नवी टाकतात, आणि मूळ कारण बॅटरीच्या मायनसपाशी बसलेलं असतं.

आमच्या इथे बसस्टँडच्या मागे एक वायरमन काका आहेत, ट्रॅक्टर आणि पिकअपचीच कामं जास्त करतात. त्यांच्याकडून २५ स्क्वेअर एमएमच्या वायरीला पक्के दाबलेले थिंबल मारून घेतले. त्यांनी बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत सोडली नाही, कसल्यावर वरून ग्रीस फासलं. म्हणाले, "रंग मारायचा तर कसल्यावर मार की, आधी कशाला." बॅटरी ते बॉडी, बॅटरी ते इंजिन, इंजिन ते चेसिस अशा तीन वायरी नव्या. नंतर तीच टेस्ट केली तर ०.१ च्या आसपास, आणि सेल्फ पहिल्या फटक्यात. फाइलमधल्या सगळ्या बिलांच्या बेरजेपुढे हा खर्च म्हणजे चिल्लर, हजाराच्या आसपास, त्यात काकांचा चहा पण आला.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कार्ब्युरेटरवाली जुनी जिप्सी बॅटरी जवळजवळ मेली तरी उतारावर ढकलून चालू व्हायची, एमपीएफआयला तसं जमत नाही. पेट्रोल पंप आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) बऱ्यापैकी व्होल्टेज लागतंच. त्यामुळे धक्कास्टार्टच्या भरवशावर बामणोलीच्या पुढे रानात जाऊ नका.

दुसरा त्रास, गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन. हे आधीच्या मालकाने पण भोगलेलं, म्हणून तर दोनदा बॅटरी बदलली बिचाऱ्याने. यासाठी सगळं बंद करून, चावी काढून, मायनसची वायर सोडवून मध्ये मीटर १० अँपिअरवर लावायचा. त्या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल, स्वस्त मीटर असेल तर मीटरच जाईल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक असतं, घड्याळ, स्टिरिओची मेमरी वगैरे. माझा आकडा ३८०. हिशोब करा, ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ ची. तिसऱ्या दिवशी टिक् होणारच ना! मग एकेक फ्यूज काढत गेलो. सगळे फ्यूज काढून झाले तरी आकडा हलेना, म्हणजे चोर फ्यूज बॉक्सच्या बाहेरचा, थेट बॅटरीवरून घेतलेला. अ‍ॅम्प्लिफायरची वायर सुटी केली आणि आकडा धाडकन खाली आला, त्याची रिमोट वायर, म्हणजे त्याला चालू-बंदचा इशारा देणारी, स्टिरिओला न जोडता कायमच्या प्लसला जोडली होती त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. तरी थोडं शिल्लक होतं, ते शोधता शोधता डॅशबोर्डच्या आत टेप गुंडाळलेला जीपीएस ट्रॅकर सापडला. आधीचा मालक विसरून गेलेला. फोन केला तर हसायला लागला, म्हणे अहो त्याचं सिम कधीच बंद झालं. आता आकडा २०.

हेडलाइटची गोष्ट जरा वेगळी कारण ती बिघाड म्हणून कुणी धरतच नाही. "जुन्या गाडीचे लाइट असेच असतात" म्हणतात आणि एलईडी बार लावतात. कासच्या घाटात धुक्यात मला समोरचा पांढरा पट्टा दिसत नव्हता. बल्बच्या सॉकेटवर, लाइट चालू ठेवून, मीटर लावला: १०.९. त्याच वेळी बॅटरीवर १४. मधले तीन व्होल्ट गेले कुठे तर थोडे जुन्या स्विचच्या झिजलेल्या पॉइंटमध्ये, थोडे बारीक वायरीत, थोडे ग्रिलमागच्या रंगलेल्या अर्थमध्ये. हॅलोजनचं गणित असं आहे की व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड साधारण ३० टक्के पडतो. त्यात कुणीतरी १००/९० चे बल्ब बसवलेले. नेहमीचा एच४ बल्ब म्हणजे ६०/५५ वॅट (अप्परला ६०, डिपरला ५५), दोन्ही बल्ब मिळून अप्परला १० अँपिअर, १००/९० वाले घातले की १६-१७, आणि तो सगळा करंट स्टिअरिंगच्या दांडीवरच्या त्या बिचाऱ्या स्विचमधून. स्विचचं प्लास्टिक पिवळं पडून वास यायला लागला होता.

इलाज म्हणजे रिले, थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पिनचे दोन रिले, ८५-८६ नंबरच्या पिनांवर स्विचकडून येणारी जुनी वायर आणि अर्थ, ३० ला बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून बल्बला. स्विचला आता फक्त रिले हलवण्यापुरता करंट. बल्ब परत साधे ६०/५५ चे घातले आणि आता सॉकेटवर १३.५ येतात. उजेड १००/९० पेक्षा जास्त पडतो, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. फ्यूज मात्र बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत लावा, दुसऱ्या टोकाला लावून उपयोग शून्य, फ्यूज असतो तो वायर वाचवायला. माझ्या बारची वायर तर बॅटरीवरून थेट, विनाफ्यूज, रोल केजच्या पाइपला घासत वर गेलेली! १८० वॅटचा बार, १५ अँपिअर, आणि वायर बेलच्या वायरीएवढी. गाडी पेटली नाही हे नशीब. बार मी काढलाच, रस्त्यावर चलान होतं ते वेगळं, समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळं.

सगळ्यात डोकं खाल्लं ते रिव्हर्सच्या फ्यूजने. माझ्या गाडीत एकाच फ्यूजवर डॅशबोर्डवरचे मीटर, इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइट आहेत. फ्यूज उडायचा पण घरी कधीच नाही, फक्त खडकाळ जागी, आणि तेही प्रत्येक वेळी नाही. फ्यूज बदलत बसलं तर डबा संपेल, म्हणून काकांनी युक्ती सांगितली. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन वायरी काढून मधे हेडलाइटचा जुना बल्ब लावायचा. सगळं ठीक असेल तर बल्ब मंद पेटतो, कुठे शॉर्ट झालं की एकदम भगभगतो आणि वायर जळत नाही. इंजिन बंद, चावी ऑन, गाडी रिव्हर्समध्ये टाकून मी खाली आणि लाकडी दांड्याने हार्नेस (वायरींचा जुडगा) ढोसत गेलो. गिअरबॉक्सच्या वर, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) बाजूला हात गेल्यावर बल्ब भक्कन पेटला. रिव्हर्स स्विचची वायर क्लिपमधून सुटून केसच्या कोपऱ्यावर घासून घासून तांबं उघडं पडलेलं, गाडी वाकडी झाली की टेकायची. आणि वायरीला प्लस येतो तो रिव्हर्स टाकल्यावरच, त्यामुळे एरवी सगळं शांत. नवा तुकडा, वर हीट श्रिंक स्लीव्ह, वर फ्लेक्झिबल पाइप. काळी चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि पावसाळ्यात आत पाणी धरते.

बाकी मागच्या दिव्यांचं नेहमीचंच, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की टेल लॅम्प उचक्या देतो. असं दिसलं की डोळे झाकून त्या लॅम्पचा अर्थ साफ करा, बल्ब बदलू नका.

सामान काय लागलं तर हजाराच्या आतला मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, चांगला क्रिम्पिंग पक्कड, स्लीव्ह, कॉन्टॅक्ट क्लीनर. क्लॅम्प मीटर घेणार असाल तर डीसी अँपिअर मोजणारा आहे का बघा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, घरच्या पंखा-मोटारीला चालतात, गाडीला नाही. आणि रोल केज किंवा बंपरचं वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टर्मिनलं आणि ईसीयूचा कपलर काढा, फॅब्रिकेटर "काय होत नाय" म्हणेल, त्याचं काय जातंय.

जुनी घेणारच असाल तर मीटर खिशात घालून जा. सेल्फ मारताना अर्थ बघा, चालू गाडीत सगळे लाइट, हॉर्न, वायपर लावून बॅटरीवर साडेतेराच्या वर राहतंय का बघा, आणि डॅशखाली वाकून किती रंगीत टेप दिसतात ते बघा. मालक नाराज झाला तर होऊ दे, किंमत बोलताना हेच कामाला येतं. चकाचक रंगवलेल्या गाडीपेक्षा मी तरी आता ओरखडे पडलेली, पण मूळ वायरिंगला कुणी हात न लावलेली गाडी घेईन. १५ वर्षांचं रीपासिंग झालंय की नाही तेही विचारा, तिथे हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न सगळं तपासतात.

गाडीवर मी खूश आहे, विकणार नाही. एकच काम राहिलंय, पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकतो. सेंडरची (टाकीत बसून पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाची) वायर काढून छोट्या बल्बमधून अर्थला टेकवली तर काटा हलतो, म्हणजे मीटर आणि वायर बरोबर, दोष टाकीतल्या सेंडरचा. टाकी उतरवायची तर ती रिकामी पाहिजे, आणि रिकामी कधी होते ते काटा सांगत नाही, त्यामुळे सध्या ट्रिप मीटर बघून पेट्रोल भरतोय.