आठ महिने, तीन निळ्या डब्या

जूनमध्ये सर्दी झाली म्हणून विक्सची डबी आणली. सर्दी चार दिवसांत गेली, डबी मात्र घरभर हिंडत राहिली. आता फेब्रुवारी उजाडला, तिसरी डबी चालू आहे आणि नाका-छातीला लागलंय ते त्यातलं जेमतेम पाव.

पहिला उपयोग लोकलमध्ये सापडला. पावसात खिडक्या बंद, छत्र्या ओल्या, शेजारच्या मालडब्यात मासळीच्या पाट्या. मासे मला आवडतात, पण ताटात. रुमालाच्या कोपऱ्याला विक्सचं बोट पुसून ठेवलं की परळ ते भांडुप निभावतं. नाकपुडीच्या आत मात्र घालायचं नाही.

खरी कमाल स्वयंपाकघरात. नव्या स्टीलच्या ताटाच्या बरोब्बर मधोमध ते किमतीचं स्टिकर का चिकटवतात, देव जाणे! नख, घासणी, गरम पाणी सगळं झालं, कागद निघाला, चिकटा तसाच. विक्स फासलं, दहा मिनिटांनी अंगठ्याने ढकललं तर चिकट्याच्या वळ्या होऊन सुटल्या. डबीवरची यादी वाचा. कापूर, निलगिरीच्या सोबत टर्पेंटाइनही आहे, रंगारी हाताचा रंग काढतात ते. पण दोनदा साबणाने घासूनही दुसऱ्या दिवशी लेकाने पहिल्याच घासाला मान वर केली, "आई, वरणाला सर्दी झालीये का?" कापूर पोटात जाणं बरं नव्हे. तेव्हापासून हा प्रयोग फक्त डब्यांच्या बाहेरच्या बाजूला. बॅगेची अडलेली चेन आणि पावसात कुरकुरणारी मोरीची कडीसुद्धा यानेच सुधारली.

टाचांच्या भेगांना सगळे सांगतात म्हणून लावलं, भेगा भरल्याही. मग शंका आली. पंधरा दिवस डाव्या टाचेला विक्स, उजवीला साधं व्हॅसलीन, वर सुती मोजे. दोन्ही टाचा सारख्याच मऊ, फक्त डाव्या पायाला वास. म्हणजे काम करतंय ते त्यातलं पेट्रोलियम जेली, भाव खातंय मेंथॉल. नाक "मोकळं" होतं तेही तसंच. मेंथॉल थंडी जाणणाऱ्या नसांना डिवचतं, चोंदलेलं नाक असतं तसंच राहतं. डासांवर शून्य उपयोग, पण डबीवर तरी कुठे लिहिलंय डासांसाठी म्हणून! शेजारच्या वहिनी सात महिन्यांच्या बाळाला लावायला मागायला आल्या, तेव्हा दिली नाही. दोन वर्षांखाली लावू नये असं असतं.

सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याचं नख बुरशीने पिवळं, जाड झालेलं. 2011 सालचा एक अमेरिकन अभ्यास वाचनात आला होता. 18 जणांनी 48 आठवडे नखाला हेच लावलं. पाच जणांचं नख पूर्ण बरं झालं, दहा जणांचं थोडंफार, तिघांना काहीच फरक नाही. अठरा म्हणजे आमच्या मजल्यावरची माणसं, त्यावर किती विसंबायचं? तरी जुलैपासून रोज रात्री कापसाच्या काडीने लावते. त्यांना साखर नाही. असती तर पायावर घरचे प्रयोग केलेच नसते.

तेवढ्यात ऑगस्टमध्ये दादरच्या हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यातून दोनदा चालत जावं लागलं आणि माझ्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. नखाच्या बुरशीला चालतं तर इथे का नाही, असा माझा हुशार हिशोब. कातडी फुटलेली होती. लावल्यावर अशी आग झाली की रात्री साडेअकराला मोरीत बादलीभर पाण्यात पाय सोडून बसले होते. डॉक्टरांनी आधी शिव्या घातल्या, मग बुरशीचं मलम दिलं. फुटलेल्या कातडीला लावायचं नाही हे डबीवर लिहिलेलं असतं, मी वाचलं नंतर.

परवा सासूबाईंनी चष्मा लावून, पाय खिडकीकडे करून नख निरखलं. "अगं, मुळाशी गुलाबी दिसतंय." मीही वाकून पाहिलं. दिसतंय खरं, तांदळाएवढं. वरचं पिवळं अजून बरंच बाकी आहे.